तांबड्या बाजूचा प्लेअर

मित्रांनो, मी एक जुना प्लेअर आहे, आणि तोही हरलेल्या बाजूचा. जिंकलेल्यांच्या गोष्टी तुम्हाला पुष्कळ ऐकायला मिळतील, कारण त्या सांगायला माणसे टपलेलीच असतात. हरलेल्याला कोणी विचारत नाही, म्हणून मीच बोलतो. तुम्ही घाईत असाल तर आधीच सांगून ठेवतो, मला सुरू व्हायला जरा वेळ लागतो.

माझा जन्म पांढऱ्या दिव्यांच्या एका लांबलचक कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून माझा रिकामा पत्र्याचा डबा पुढे जाई आणि प्रत्येक टेबलापाशी कोणीतरी माझ्या पोटात काही ना काही बसवी. कोणी मोटर, कोणी पंखा, कोणी तबकडीचा खण. शेवटच्या टेबलावर हातमोजे घातलेली एक बाई बसे. ती खण उघडी, बंद करी आणि त्याच्याखाली बोट धरून तो थरथरतो का ते पाही. माझा खण तिने पुन्हा एकदा उघडून पाहिला आणि शेजारणीला म्हणाली, "हा गुणी दिसतोय." माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. अजून आठवले की बरे वाटते.

त्या काळी घरोघरी साध्या डीव्हीडी होत्या. पण टीव्ही मोठे होत चालले आणि मोठ्या पडद्यावर ते चित्र पुसट दिसू लागले. तेव्हा जास्त बारकाव्याच्या नव्या तबकड्या निघाल्या, आणि निघाल्या त्या एकदम दोन जातींच्या. एक एचडी डीव्हीडी, म्हणजे आम्ही. दुसरी ब्लू-रे, म्हणजे ते. आमच्या तबकड्यांच्या डब्या तांबड्या आणि त्यांच्या निळ्या, म्हणून मी आपला तांबडे आणि निळे असेच म्हणेन. गंमत अशी की दोघांच्या तबकड्या आकाराने सारख्या. दोघांच्या पोटातला तबकडी वाचणारा किरणही एकाच निळसर जांभळ्या रंगाचा. फरक एवढाच, की आमचे लिखाण तबकडीत जरा खोलवर असे आणि त्यांचे अगदी वरच्या कातडीखाली. तेवढ्यावरून आम्हाला एकमेकांचे एक अक्षर वाचता येत नसे. निळी तबकडी कोणी माझ्या खणात ठेवली, तर मी ती फिरवून फिरवून पाही आणि शेवटी काखा वर करी.

मी ज्या दुकानात आलो, ते होते भाऊजींचे. खरे तर ते एकट्या धाकट्याचेच भाऊजी, त्याच्या बहिणीचे यजमान. पण धाकटा दिवसातून इतक्यांदा त्यांना हाक मारी, की सगळा रस्ताच त्यांना भाऊजी म्हणू लागला. त्यांच्या दुकानात टीव्ही, पंखे, इस्त्र्या, दिवे असे सगळे मिळे. धाकट्याचे दुकान बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे. तिथेही टीव्ही, पंखे, इस्त्र्या आणि दिवेच. तरी दोघांचे छान चाले. एकाकडची वस्तू संपली, की तो गिऱ्हाइकाला समोर बोट दाखवी. वर ठेवलेला माल काढायला दोन दुकानांत मिळून एकच घडीची शिडी होती. "भाऊजी, शिडी," अशी हाक आली, की भाऊजी ती खांद्यावर टाकून रस्ता ओलांडत आणि परत येताना गप्पांत निम्मी दुपार घालवून येत. ताई, म्हणजे भाऊजींची पत्नी आणि धाकट्याची थोरली बहीण, तोवर दुकान सांभाळी आणि म्हणे, "शिडी नेली की माणूस गेलाच समजायचा."

मग आम्ही आलो. भाऊजींकडे तांबड्या कंपनीचा माणूस आला आणि धाकट्याकडे निळ्या कंपनीचा. दोघांनीही आपापल्या माणसाला शब्द दिला, की आमच्या दुकानात दुसरा रंग दिसणार नाही. भाऊजींच्या दारावर तांबडी पाटी लागली, धाकट्याच्या दारावर निळी. सुरुवातीला सगळा हसण्यावारी कारभार होता. धाकटा दारात उभा राहून ओरडे, "काय भाऊजी, उठला का तुमचा म्हातारा?" म्हातारा म्हणजे मी. भाऊजी इकडून म्हणत, "उठतोय. तुझ्यासारखा अर्धवट झोपेत बडबडत नाही तो."

मित्रांनो, मी उठायला वेळ घेई हे खोटे नव्हे. बटण दाबल्यावर मी आधी सगळे अंग चाचपून पाही, मग खण तपासी, मग कुठे तबकडी वाचायला घेई. तोवर पडद्यावर नुसता काळोख. गिऱ्हाईक एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देई. भाऊजी मात्र त्या वेळात बोलण्याची संधी साधत. "एकदा विकत घ्या आणि निर्धास्त व्हा. पिढ्यान्‌पिढ्या टिकते ही डिस्क. फक्त बघून झालं की लगेच डबीत. माझा नेमच आहे तो." हे ते इतक्या मनापासून सांगत, की ऐकणाऱ्याचा विश्वास बसो न बसो, त्यांचा स्वतःचा पक्का बसला होता. हे लक्षात ठेवा. पुढे याच बोलण्याने घात केला.

सुटीच्या दिवशी भाऊजी मला घरी नेत. घर दुकानाच्या मागेच होते. तिथे माई राहत, ताईची आणि धाकट्याची आई. माई पडदे शिवत. लोकांच्या खिडक्या आणि दारे त्यांनी आयुष्यभर झाकली आणि खांदे थोडे वाकवून घेतले. माझ्या संथपणाचा राग न येणाऱ्या त्या पहिल्याच. पहिल्या दिवशी ताई कंटाळून म्हणाली, "हा बिघडला वाटतं." तेव्हा माई म्हणाल्या, "बिघडला कशानं? मलाही सकाळी उठून बसायला एवढाच वेळ लागतो. तो उठतोय तोवर एकेकानं आजचं काहीतरी सांगा पाहू."

तेव्हापासून त्या घरात रीतच पडली. माझे बटण दाबले, की चित्र येईपर्यंत प्रत्येकाने दिवसातले काहीतरी सांगायचे. ताईने सांगावे की पावाच्या भट्टीवाल्याने आज तिलाच वजनकाटा दुरुस्त करायला बसवले. भाऊजींनी सांगावे की एक गिऱ्हाईक पंखा परत घेऊन आले, आणि त्यात दोष एवढाच की त्याने तो लावलाच नव्हता. धाकटा तेव्हा येत असे. निळ्या बाजूचा असला तरी जेवायला तो इथेच. तो सांगे ते निम्मे खोटे असे आणि सगळ्यांना तेच जास्त आवडे. चित्र आले की मात्र तो हसत उठे आणि "तांबड्याचं मी बघत नाही" म्हणून निघून जाई. कधी कधी गोष्ट अर्धी राही आणि मी चित्र सुरू करी. मग माई म्हणत, "थांबव रे त्याला, याचं होऊ दे."

त्याच दिवसांत माईंनी मला एक झाकण शिवले. कुणाच्या तरी पडद्याचे मोरपंखी कापड उरले होते, त्याचे. कडेला बारीक पांढरी गोट, मागच्या बाजूला वायरींसाठी फट. भाऊजींच्या हाती देताना त्या हळूच म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्यासाठी खास शिवलंय. कुणाला सांगू नका, नाहीतर धाकटा मागत सुटेल." भाऊजींनी ते झाकण माझ्यावर असे काही घातले, की जणू मला शालजोडीच मिळाली. पण ते घालत रात्री, दुकान बंद केल्यावरच, म्हणून धाकट्याच्या नजरेस ते कधी पडले नाही.

पुढे तांबड्या कंपनीच्या माणसाने भाऊजींना थोड्या दिवसांसाठी एक नवा कॅमेरा आणि तबकडी लिहिणारे यंत्र आणून दिले. गिऱ्हाइकांना दाखवायला एखादे बारकाव्याचे चित्रण करा, म्हणाला. भाऊजींनी फार शोधले नाही. त्यांनी माईंना शिवणयंत्रापाशी बसवले, खिडकी उघडली आणि चित्रण केले. ती तबकडी दुकानात मी पहिल्यांदा लावली, तेव्हा पाहणारे थक्क झाले. कापडाची वीण दिसत होती. माईंच्या बोटावरची सुई लागून लागून झालेली भोके दिसत होती. भाऊजी पडद्याजवळ जाऊन म्हणत, "हे बघा, सुईचं नेढं दिसतंय. आता सांगा." रस्त्यावरची माणसे मुद्दाम माईंना पाहायला येऊ लागली. माई दुकानात आल्या आणि स्वतःला पाहून एवढेच म्हणाल्या, "इतकी म्हातारी झाले का मी? सांगायचं तरी कुणीतरी."

आणि जाता जाता म्हणाल्या, "जावईबापू, धाकट्यालाही एक द्या. त्याच्या यंत्रात चालेल अशी."

मित्रांनो, हे काम अवघड नव्हते. कॅमेऱ्यातले मूळ चित्रण धाकट्याला दिले असते, तर त्याने त्याची निळी तबकडी करून घेतली असती. पण भाऊजी म्हणाले, "तो येईल की इथं बघायला. रस्ता तर ओलांडायचा आहे." ताईने हा निरोप समोर नेला. धाकटा म्हणाला, "निळ्यावर आणून द्या, आत्ता बघतो. त्यांनाही रस्ताच ओलांडायचा आहे." दोघे एकच वाक्य बोलले आणि दोघेही जागचे हलले नाहीत. भाऊजींना वाटे, एकदा तरी त्याने माझ्या यंत्रावर चित्र बघावे. धाकट्याला वाटे, बघितले की हरलो. मी चित्रण लावले, की तो समोर दारात उभा राहून दिवे पुसत असे. तिथून त्याला फक्त लोकांच्या पाठी दिसत.

मग कॅमेरा परत न्यायला कंपनीचा माणूस आला. त्याने विचारले, "आतलं पुसून टाकू का?" भाऊजी म्हणाले, "खुशाल. डिस्कवर आहे ना? पिढ्यान्‌पिढ्या टिकते ती." गिऱ्हाइकाला सांगायचे वाक्य त्यांनी स्वतःलाच सांगितले आणि मूळ चित्रण पुसले गेले. लिहिणारे यंत्रही परत गेले. आता माई होत्या त्या एकाच तांबड्या तबकडीत, आणि ती वाचणारा त्या रस्त्यावर मी एकटाच.

त्यानंतर आमची बाजू कोसळली. चित्रपट काढणारी एक मोठी कंपनी निळ्यांकडे गेली, तिच्यामागून बाकीच्या दुकानांनीही तोंड फिरवले, आणि थोड्याच दिवसांत आम्हाला घडवणाऱ्यांनीच जाहीर केले, की तांबडे प्लेअर आता बनणार नाहीत. ज्या सकाळी हे वर्तमानपत्रात आले, त्या सकाळी भाऊजींनी माझ्यावरची धूळ पुसली आणि तांबडी पाटी स्वतः उतरवली. त्यांचा चेहरा उतरलेला होता. मला त्या दिवशी माझ्यापेक्षा त्यांचेच वाईट वाटले.

धाकट्याला राहवले नाही. तो एक नवाकोरा निळा प्लेअर घेऊन आला. वर रेशमी फीत बांधलेली. दुकानात गिऱ्हाइके होती. त्याने तो टेबलावर ठेवला आणि हसत म्हणाला, "घ्या भाऊजी. झालं गेलं सोडा. आता तुम्हीही आमच्यात या."

त्याच्या मनात काळेबेरे नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. पण ती वेळ चुकली. भाऊजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते म्हणाले, "आईचं चित्रण बघायला कधी आला नाहीस. आता जिंकल्यावर बरा आलास."

"निळ्यावर दिलं असतंत तर बघितलं असतं."

"उचल ते. आणि तुझी शिडी तू बघ."

धाकट्याने फीत बांधलेला प्लेअर उचलला आणि तो गेला. पुढच्या आठवड्यात त्याच्या दुकानात नवी शिडी दिसली. दोघांमधून विस्तव जाईना. माई एकदा इकडच्या दारात बसत, एकदा तिकडच्या. जेवायला धाकटा येईनासा झाला. तरी मी उठेपर्यंत एकेकाने काहीतरी सांगायची रीत माईंनी मोडू दिली नाही. धाकट्याच्या वाट्याचे त्या स्वतःच सांगत आणि मुद्दाम निम्मे खोटे सांगत.

नंतर एका हिवाळ्यात माई गेल्या. दोघांनी त्यांना शेजारी शेजारी उभे राहून निरोप दिला आणि एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत.

काही दिवसांनी भाऊजी एकटेच घरात असताना त्यांनी मला सुरू केले आणि ती तबकडी लावली. माई पडद्यावर आल्या. निम्मेही झाले नसेल, भाऊजींच्या डोळ्यांना धार लागली आणि त्यांनी भिंतीवरचे बटणच बंद केले. मग माझ्या वायरी काढल्या, मोरपंखी झाकण घातले आणि मला दुकानाच्या माळ्यावर ठेवून दिले. तबकडी माझ्या खणातच राहिली. त्यांना ते सुचलेच नाही. लगेच डबीत ठेवायचा त्यांचा नेम होता ना, मग ती डबीतच असणार असे ते धरून चालले. पुढे कधीतरी ताईने डबी मागितली, तर ती रिकामी. त्यांनी सगळे घर पालथे घातले. दुकानाचे खण, टोपल्या, गादीखाली, सगळीकडे पाहिले. मला वर ऐकू येई. शेवटी ते ताईला म्हणाले, "हरवली गं माझ्या हातून." रस्त्यापलीकडे धाकट्यालाही हे कळले असणार, कारण त्या संध्याकाळी त्याने दुकान लवकर बंद केले.

मित्रांनो, अशा वेळी वाटते की आपल्याला तोंड असायला हवे होते. माई माझ्या पोटात होत्या आणि मी मुका. माळ्यावर माझ्या शेजारी जुने पंखे, तुटक्या इस्त्र्या, रिकामी खोकी. झाकण होते म्हणून धूळ आत गेली नाही. पण रबर कुणाला चुकले आहे? माझा खण ओढणारा छोटा पट्टा सैल झाला, मग चिकट झाला. खालचे जगही बदलत होते. लोक म्हणू लागले की आता तबकड्या कशाला, सगळे तारेतून घरी येते. धाकट्याच्या दारावरची निळी पाटी उन्हाने फिकट झाली आणि एक दिवस तीही उतरली. तो आता फोनच्या काचा बसवत असे. ज्याच्यासाठी एवढे भांडण झाले, ते दोघांच्याही हातून गेले होते. मला त्याचा आनंद झाला नाही. त्याचा प्लेअर निळा असला तरी आमच्याच कुळातला होता.

भाऊजी थकले तेव्हा त्यांनी दुकान बंद करायचे ठरवले. एका सकाळी भंगारवाला हातगाडी घेऊन आला. खालचा माल गेला. माळ्यावरचे राहिले. भाऊजींची शिडी काढली, तर तिची मधली पायरीच मोडलेली. भंगारवाला म्हणाला, "वरचं मी काठीनं ओढून पाडतो. भंगारच आहे ना?" तेवढ्या उंचीवरून पडलो असतो, तर मी आणि तबकडी, दोघेही कामातून गेलो असतो.

भाऊजी "हो" म्हणायला तोंड उघडतच होते. तेवढ्यात ताई दारात गेली आणि रस्त्यापलीकडे पाहून जुन्या सवयीच्या आवाजात म्हणाली, "धाकट्या, शिडी."

मग धाकटा शिडी खांद्यावर टाकून आला. केस पांढरे झाले होते. त्याने भाऊजींकडे पाहिले नाही, भाऊजींनी त्याच्याकडे पाहिले नाही. तो वर चढला आणि एक एक वस्तू खाली देऊ लागला. पंखे दिले, इस्त्र्या दिल्या. मग त्याचा हात माझ्या झाकणाला लागला आणि तिथेच थांबला.

"ताई, हे कुणाचं?"

"माईनं शिवलेलं. यांच्या प्लेअरसाठी."

"नाही," धाकटा म्हणाला. "असलंच तिनं मला शिवून दिलंय. माझ्या प्लेअरवर आहे. हेच कापड, हीच गोट. कुणाला सांगू नकोस म्हणाली, नाहीतर भाऊजी मागत सुटतील."

भाऊजींनी मान वर केली. कितीतरी वर्षांनी ते थेट धाकट्याशी बोलले. "मला म्हणाली, धाकटा मागत सुटेल."

शिडीवर धाकट्याला हसू आले. मग त्याने तोंड भिंतीकडे केले आणि बराच वेळ तसेच ठेवले. भंगारवाल्याला काही उमगेना. तो बिचारा हातगाडीवर जाऊन बसला.

मला खाली आणताना धाकट्याने दोन्ही हातांनी छातीशी धरले होते. उतरताना मी थोडा कलंडलो आणि माझ्या पोटात किंचित खडखड झाली. तो मधल्याच पायरीवर थांबला. आयुष्यभर असली यंत्रे उघडलेला माणूस तो. त्याने मला पुन्हा हळूच कलते केले आणि कान लावला.

"भाऊजी, यात डिस्क आहे."

भाऊजी शिडीखाली येऊन उभे राहिले. ताई म्हणाली, "अहो, त्याच्यातच विसरलात."

खण काही केल्या उघडेना. धाकट्याने जोर लावला नाही. त्याने माझे स्क्रू काढले, वरचा पत्रा उचलला आणि पाहिले. तबकडी जागेवरून जराशी सरकली होती. कडेला एक फिकट डाग पडला होता. पट्टा तर बोटाला चिकटून आला. तो म्हणाला, "हा पट्टा आता कुठं मिळायचा नाही. खण हलल्याशिवाय हा पुढं वाचत नाही." इतके बोलून तो रस्ता ओलांडून गेला. परत आला तो मोरपंखी झाकणातला आपला निळा प्लेअर घेऊन. तो त्याने माझ्या शेजारी ठेवला, उघडला आणि त्याच्या खणाचा पट्टा काढला.

"अरे, तुझा बिघडेल," भाऊजी म्हणाले.

"बिघडू दे. त्याच्यात माई नाही."

तो पट्टा थोडा ताणून माझ्यात बसला. आयुष्यभर ज्याला मी पाण्यात पाहिले, त्याचे रबर माझ्या पोटात, आणि मला ते अगदी मापाचे वाटले. दुकानात एक जुना टीव्ही उरला होता. त्याला माझ्या वायरी जोडल्या आणि भाऊजींनी बटण दाबले. पडद्यावर काळोख. मी अंग चाचपायला घेतले. इतक्या वर्षांनी मला नेहमीपेक्षाही जास्त वेळ लागत होता.

तिघे पडद्यापुढे खोक्यांवर बसले होते. मग ताई म्हणाली, "तो उठतोय तोवर सांगा की काहीतरी."

भाऊजी पडद्याकडेच पाहत म्हणाले, "तिनं मला सांगितलं होतं, धाकट्याला एक दे म्हणून. मी दिली नाही. तू इथं यावंस म्हणून अडून बसलो."

धाकटा म्हणाला, "मी रोज दुकान उघडताना ठरवायचो, आज जाऊ. मग तुमची ती तांबडी पाटी दिसायची." मग म्हणाला, "एकदा आलोही होतो. तुम्ही गिऱ्हाइकाला नेढं दाखवत होता. दारातूनच परत फिरलो."

"हे निम्मं खोटं असेल," ताई म्हणाली.

"हे नाही," धाकटा म्हणाला.

तेवढ्यात खण हलला. तबकडी नीट बसली आणि चित्र आले. पण माई हिरव्या दिसू लागल्या, चेहरा, हात, सगळेच हिरवे. धाकट्याला वाटले, डागाने घात केला. भाऊजी मात्र उठून माझ्या मागे गेले. माझ्या पाठीला चित्रासाठी तीन वायरी लागतात, तांबडी, हिरवी आणि निळी. "तांबडी नीट बसलेली नाही," ते म्हणाले आणि त्यांनी ती आत दाबली. माईंच्या चेहऱ्यावर रंग आला.

त्या शिवणयंत्रापाशी बसल्या होत्या. सुईत दोरा ओवत होत्या, आणि नेढे अगदी स्पष्ट दिसत होते. चित्रणात मागून भाऊजींचा तेव्हाचा तरणा आवाज आला, "माई, बोला ना काहीतरी."

माईंनी वर पाहिले. कॅमेऱ्याकडे नाही, त्याच्या पलीकडे, दाराकडे. "धाकटा येऊ दे," त्या म्हणाल्या. "मी थांबते." आणि पुन्हा शिवायला लागल्या.

मित्रांनो, मी हे किती गिऱ्हाइकांना दाखवले असेल. सगळे सुई पाहत, कापडाची वीण पाहत. ज्याच्यासाठी त्या दाराकडे पाहत होत्या, तो एकदाही समोर नव्हता. आज होता. मधे डागाच्या जागी चित्र जरासे अडखळले. मी सगळा जीव एकवटून ते पार केले.

धाकटा पडद्याला म्हणाला, "आलो गं."

माई पुढे काही बोलत नाहीत. चित्रण संपेपर्यंत नुसत्या शिवत राहतात. ते तिघांनी शेवटपर्यंत पाहिले.

पुढे धाकट्याने माझ्या वायरी त्याच्या संगणकाला जोडल्या आणि ते चित्रण उतरवून घेतले. आता ते सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. बोट लावले की माई हजर. म्हणजे माझे काम संपले, हे मलाही कळत होते. भंगारवाल्याने तर माझ्याकडे बोट दाखवून विचारलेसुद्धा. ताई म्हणाली, "हा नाही. फोनवर ती लगेच येते हो, मग आम्ही बोलायचं कधी?"

आता मी त्यांच्या घरात फळीवर असतो. शेजारी धाकट्याचा निळा प्लेअर. त्यालाही त्याने दुसरीकडून मिळालेला पट्टा बसवला आहे. दोघांवर मोरपंखी झाकणे, एकाच पडद्याच्या कापडाची. सुटीच्या दिवशी धाकटा जेवायला येतो, भाऊजी माझे बटण दाबतात आणि ते तिघे बोलू लागतात.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे थोडेसेच मागणे आहे. जे तुमच्या जिवाभावाचे असेल, ते एकाच जागी ठेवून निर्धास्त राहू नका. कोणी काहीही सांगो, पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी तबकडी मी तरी पाहिलेली नाही. घरातल्या जुन्या यंत्रावर एक कापड टाका आणि भंगारात देण्याआधी ते एकदा उघडून पाहा. आणि कोणाशी अबोला असेल, तर तो रस्ता तुम्हीच आधी ओलांडा. माईंना थांबता आले, कारण त्या तबकडीत होत्या. एरवी माणसे इतका वेळ थांबत नाहीत.

परवा धाकटा माझे स्क्रू घट्ट करत होता. तो म्हणाला, "भाऊजी, हा जरा लवकर उठेल असं करता येतं. करू का?"

"हात लावू नकोस," भाऊजी म्हणाले.